आधी नायब, मागून साहेब

साहेबांबरोबर कुठल्याही गढीवर गेलं की दारात भांडण ठरलेलं. त्यामुळं मोटारसायकल मी जरा लांबच उभी करायचो आणि तिचं तोंड परतीच्या रस्त्याकडं वळवून ठेवायचो. किल्ली खिशात नाही, मुठीत. साहेब हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, "उदगीरकर, तुमी बाग बघायला आलाव का डाका टाकायला?"

माझं आडनाव उदगीरकर नाही. मी उदगीरचा, एवढंच. पण साहेबांनी पहिल्या दिवशी तसं म्हटलं आणि मग सगळी कचेरी म्हणू लागली. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. कचेरी भाड्याच्या घरात, अर्ध्या फायली अजून उस्मानाबादेत, आणि पाऊस कुठं होता ते देवालाच माहीत. आमच्या शेतकी खात्यात सहा दिवस टँकर, चारा, विहिरी, याशिवाय दुसरा विषय नसायचा. सातव्या दिवशी माणूस झोपेल की नाही? साहेब सातव्या दिवशी गढ्या, किल्ले आणि जुन्या बागा बघायला निघायचे. बरोबर मी आणि त्यांचं कुत्रं. मला नेण्याचं कारण माझा कुठलाही गुण नव्हता, माझ्याकडं मोटारसायकल होती.

कुत्र्याचं नाव नायब. गावठी, पिवळट, एक कान कायमचा पडलेला. कचेरीच्या आवारात साहेबांनी "नायब, बस!" असं दरडावलं की शेजारच्या खोलीतले खरे नायब तहसीलदार खुर्चीत दचकायचे. त्यांनी एकदा रीतसर तक्रार केली. साहेब शांतपणे म्हणाले, "मग तुमच्यासाठी मी 'बसा' म्हणत जाईन." त्या दोघांचं पुढं कधी जमलं नाही.

मला कुत्र्यांची भीती आणि किळस दोन्ही. आमचं लिंगायताचं घर, बाजारात किराण्याचं दुकान. दुकानाच्या पायरीवर कुत्रं चढलं तर वडील आधी काठी आणि मग बादलीभर पाणी आणायचे. आणि इथं ते कुत्रं मोटारसायकलवर माझ्या आणि साहेबांच्या मधे. त्याचं ओलं नाक अख्खा रस्ता माझ्या मानेला. सुरुवातीला मी अंग चोरून गाडी चालवायचो. मुरुडच्या रस्त्यावर एकदा तसाच खड्ड्यात गेलो, तेव्हा साहेब म्हणाले, "त्याला तुमची शिसारी न्हाई, मग तुमाला का?"

साहेब बौद्ध होते. हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं आणि ते स्वतःही लपवत नसत. आडनाव मात्र नांदेडवरून पडलेलं, त्यामुळं बाहेरच्याला गाव कळे, माणूस कळत नसे. वय पन्नाशीचं. बुटात तोंड दिसेल इतकं पॉलिश, पांढरा बुशशर्ट कडक इस्त्रीचा. लातुरात प्यायला पाणी नव्हतं तेव्हाही त्यांची इस्त्री मोडली नाही. ते कसं जमायचं हे मी कधी विचारलं नाही.

बागा बघायची त्यांची तऱ्हा सगळ्या जगाहून निराळी. एक तर त्या उन्हाळ्यातच बघायच्या. "पावसाळ्यात काय, उकिरडा बी हिरवा असतो. ज्यानं बाग लावली त्याची अक्कल बघायची तर दुष्काळात बघा." दुसरं म्हणजे, आत जायचं ते मोठ्या दारानंच. औशाकडं एका गढीची भिंत अशी पडलेली की त्यातून बैलगाडी गेली असती. राखणदार म्हणाला, "हिकडून या साहेब, सरळ बागेतच निघताव." साहेब म्हणाले, "मग दार कशाला बांधलंय?" आणि बोरीबाभळी तुडवत अख्खी गढी फिरून आम्ही दाराशी आलो. दाराला आतून गंजकी कडी. राखणदार बिचारा भिंतीच्या भगदाडातून आत गेला, कडी काढली, मग साहेब आत. त्यातही आधी नायब, मागून साहेब, आणि शेवटी काट्यांनी पोटऱ्या सोललेला मी.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इतक्या गमतीनं संपायची नाही. "कुत्रं बाहेर ठेवा" हे वाक्य हमखास यायचं, आणि ते आलं की साहेबांचा आवाज एकदम खाली जायचा. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, माझे वडील ओरडत. आवाज खाली नेणाऱ्याची वाटते. मुरुडच्या अंगाला एका वाड्यात दारातला गडी काठी आडवी धरून उभा राहिला. साहेब म्हणाले, "ह्या दारातून कधी कुत्रं आत गेलं न्हाई का?" गडी म्हणाला, "मालकाची जायची." साहेब म्हणाले, "मग कुत्र्याचा प्रश्न न्हाई. प्रश्न मालक कोण हाय याचा हाय." आणि दारासमोर उकिडवे बसले. उन्हात. नायब शेजारी जीभ काढून. मी गाडीपाशी, मुठीत किल्ली. आतून अजून दोन गडी आले. आता मार खाणार असं मी धरून चाललो होतो, तेवढ्यात खुद्द मालक, थकलेला म्हातारा, काठी टेकत बाहेर आला. "उन्हात कामून बसलाव? आत या." बस्स. एवढ्यावर सगळं निवळलं.

आत गेल्यावर साहेबांचा प्रयोग सुरू व्हायचा. त्यांचा सिद्धांत असा, की जुन्या काळी बांधणाऱ्याला वारा कळायचा, बागेतली सगळ्यात थंड जागा तो मालकाच्या बैठकीसाठी राखायचा, आणि आज ती जागा फक्त कुत्र्याला सापडते. "कुत्रं बसतं ती मालकाची जागा." म्हणून नायबाला साखळी कधीच नाही. त्याला मोकळं सोडायचं, तो हुंगत हुंगत फिरणार, चार ठिकाणी बसून उठणार, आणि शेवटी एका जागी पोट टेकून पडणार. त्या म्हाताऱ्या मालकाकडं तो एका ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन पडला. म्हातारा हसायला लागला. "आमचे आजोबा हितंच बसायचे. सुपारी कातरत." साहेबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. कंधारच्या किल्ल्यात मात्र नायबानं जी जागा धरली ती घोड्यांची पागा असल्याचं तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं. साहेबांनी नायबाकडं बघितलं, मग म्हणाले, "घोड्याची इतकी काळजी करणारा मालक चांगलाच असणार."

जागा सापडली की साहेब नायबाला थोडं सरकवून स्वतः तिथं बसायचे. मांडी घालून, ताठ. बुशशर्टाची घडी नीट करून. भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडायचे आणि बागेकडं बघत सावकाश जेवायचे. वाळलेल्या कारंज्याकडं, ठेंगण्या झालेल्या डाळिंबाकडं असे बघायचे की जणू आता माळ्याला हाक मारतील. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. मी एकदा म्हणालोही, "साहेब, जेवायला एवढ्या लांब यायचं काय नडलंय?" ते म्हणाले, "तुमच्या बापाला दुकानाच्या गादीवर बसायला लांब जावं लागलं का? न्हाई ना? मग तुमाला कळणार न्हाई." राग आला मला. पण रागावून जाणार कुठं, गाडी माझी आणि भाकरी त्यांची.

मुखेडच्या अलीकडं एक फाटा लागायचा. बिलोलीकडं जाताना दोन-तीनदा आम्ही त्यावरून गेलो. फाटा दिसला की साहेब माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणायचे, "सरळ." कोणी विचारलेलं नसताना. तिकडं गढी आहे, मागं बाग आहे, बागेत जुनी बारव आहे, हे मला इतरांकडून कळलं होतं. बारव म्हणजे दगडी पायऱ्यांची विहीर, साहेबांचा जीव की प्राण. मी एकदाच सुचवून बघितलं. ते म्हणाले, "सरळ म्हणलं ना."

मग त्यांची आई वारली. महिनाभर आम्ही कुठं गेलो नाही. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या फाट्याशी आलो, मी सवयीनं सरळ निघालो, तर मागून आवाज आला, "डावीकडं घ्या."

वाटेत त्यांनी सांगितलं, ते मोजकंच. हे त्यांचं जन्मगाव. बाप त्या गढीच्या दारात झाडलोटीला असायचा. बाप गेल्यावर आई पोराला घेऊन नांदेडला आली, गिरणीत लागली, आणि त्या गावात पाय ठेवायचा नाही अशी शपथ तिनं त्यांच्याकडून घेतली. ती होती तोवर त्यांनी पाळली. मी गाडी मुद्दाम हळू घेतली. साध्या परक्या दारात हा माणूस उकिडवा बसून मार ओढवून घेतो, इथं काय करील? त्यात ते गाव नांदेड जिल्ह्यातलं. म्हणजे साहेबांची साहेबकी तिथं चार आण्याचीही नव्हती.

गढीच्या दाराशी पोचलो आणि काही घडलंच नाही. दाराच्या फळ्या कुणीतरी कधीच काढून नेलेल्या. राखणदार नाही, गडी नाही, मालकाची पिढी हैदराबादला जाऊन स्थायिक झालेली. कमानीखाली एक शेळी रवंथ करत बसली होती. साहेब तिच्यासमोर उभे. आयुष्यभर ज्या भांडणाची तयारी केली ते करायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी शर्ट नीट केला, पाऊल उचललं, परत खाली ठेवलं. "इथं तर कुणी अडवतच न्हाई हो, उदगीरकर," असं ते म्हणाले, आणि त्या आवाजाचं मला फार वाईट वाटलं. ते तसेच उभे राहिले आणि नायब नेहमीसारखा पुढं निघून गेला.

आणि मग मागच्या बागेतून बायकांचा ओरडा ऐकू आला.

आम्ही धावलो. बाग कसली, एक चिंच सोडली तर खुंट उरले होते. मधोमध बारव. गावाच्या बाकी सगळ्या विहिरी आटलेल्या, टँकर आठवड्यात एखादा, म्हणून हीच काय ती गावाची जगण्याची सोय. पायऱ्यांवरून वरपर्यंत घागरींची रांग, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. नायबानं आपलं काम चोख केलं होतं. त्या बागेतली सगळ्यात थंड जागा त्यानं शोधली होती, ती तळाच्या पाण्यात. शेवाळावरून घसरून तो खोल भागात पडला होता आणि भिंतीच्या कडेकडेनं फिरत होता. पायरीवर पंजे टाकायचा, निसटायचा, पुन्हा बुडायचा. वरून एका पोरगेल्या तरुणानं धोंडा मारला. तो त्याच्या पाठीत बसला. नायब कसा ओरडला ते मी सांगत बसत नाही.

साहेब बुटांसकट पायऱ्या उतरले. छातीइतक्या पाण्यात गेले, कुत्र्याला खांद्यावर घेतलं आणि वर आले. निम्म्या पायऱ्यांवर त्यांना थांबावं लागलं, कारण वरचा रस्ता माणसांनी भरला होता. धोंडा मारणाऱ्याच्या हातात आता काठी होती.

एक म्हातारा, सगळे ज्याला आबा म्हणत होते, पुढं झाला. बोलायला सभ्य. "साहेब, तुमी उतरलाव त्याचं काय न्हाई. तुमी शिकलेली माणसं. पर कुत्रं पडलं म्हणल्यावर पाणी बाटलं. उपसावं लागतंय. आमच्याकडं तशी रीत हाय."

"उपसलं तर झरा किती दिवसांत भरतो?" साहेबांनी विचारलं.

"औंदा?" आबा म्हणाला. "औंदा भरतच न्हाई म्हणा."

"म्हंजे आमी काय मुतून प्यावं का?" काठीवाला ओरडला. "ते कुत्रं खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! आज त्याला हितंच गाडतो." मागून चार-पाच जण "हाव, हाव" म्हणाले. त्यांचं तरी काय चुकत होतं? घरात लेकरं तहानलेली, आणि कुठला तरी पांढऱ्या शर्टाचा माणूस कुत्रं फिरवायला आलेला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही धोंडा उचलला असता.

मी मधे घुसलो. "हे मोठे साहेब हायत. उद्याच टँकर पाठवतील. दोन पाठवतील!"

"न्हाई," साहेब म्हणाले. "हा माझा जिल्हा न्हाई. मला टँकर पाठवता येणार न्हाई." आणि मग आवाज खाली गेला. "आबा, मला साहेब म्हणू नका. मी ह्याच गावचा हाय. गढीच्या दारात झाडायला जो असायचा, त्याचा मुलगा."

आबा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मालकाची दोन शिकारी कुत्री होती," साहेब म्हणाले. "रोज दुपारी ती ह्या बारवेत पोहायची. माझा बाप वरती त्या चिंचेखाली फडकं घेऊन बसायचा. ती बाहेर आली की पुसायचा. त्याला स्वतःला खाली यायची परवानगी नव्हती. कुत्री पोहत होती तेव्हा कुणी उपसलं होतं का, आबा? असंल तर सांगा."

आबानं चिंचेकडं बघितलं.

"आता आज. कुत्रं आधी गेलं, मी मागून गेलो. दोघं बी एकाच पाण्यात. तुमी उपसणार म्हणता. उपसा. पण कुणामुळं उपसताव ते माझ्या तोंडावर सांगा. कुत्र्यामुळं असंल तर मालकाच्या कुत्र्यांचं काय ते सांगा. माझ्यामुळं असंल तर तसं सांगा. कुत्र्याला हात लावू नका, मी हितंच उभा हाय."

माझी किल्ली कुठं पडली मला माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं, की या माणसाला आतापर्यंत सगळे साहेब समजत होते, तो कुत्रं टाकून वर आला असता तर त्याला कुणी बोटही लावलं नसतं. आणि त्यानं स्वतःहून जाऊन कुत्र्याच्या शेजारी आपली मान ठेवली होती. काठ्या पाच-सहा तरी होत्या. कायदा वगैरे तालुक्याला होता. इथं आम्ही दोघं आणि एक ओलं कुत्रं.

आबानं घसा साफ केला. "पवायची," तो म्हणाला. "मालकाची कुत्री पवायची हे खरं हाय. मी बघितलंय. उपसलं नव्हतं."

"तवाची गोष्ट येगळी व्हती," काठीवाला म्हणाला.

"काय येगळी व्हती ते सांग की मग," आबा म्हणाला.

काठीवाल्याला सांगता येईना. तोंडाशी आलेलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, पण साहेबांच्या डोळ्यांत बघून ते उच्चारणं त्याला जमेना. तो नुसता काठी घट्ट धरून उभा राहिला. असाच थोडा वेळ गेला असता तर न बोलताच त्यानं ती चालवली असती, असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात रांगेतली एक बाई उठली. पन्नाशीची, वाळकी, पदर खोचलेला. "तुमचं ठरू द्या," ती म्हणाली. "नंबर माझा हाय. गेला तर सांजपर्यंत बी परत येत न्हाई."

"आये, थांब!" काठीवाला म्हणाला. ती त्याची आई होती.

"थांबते की. तू उपस, नवं पाणी आण, घरी नेऊन ठेव. तोवर थांबते." त्यानं मान फिरवली. "न्हाई ना? मग सरक."

ती पायऱ्या उतरली, साहेबांना ओलांडून खाली गेली. घागरीच्या बुडानं वरचं पाणी दोनदा बाजूला सारलं आणि घागर भरली. तिच्यामागं दुसरी उठली. मग तिसरी. सगळ्या उठल्या असं मी म्हणणार नाही. दोघी-तिघींनी रिकाम्या घागरी कमरेला लावल्या आणि मागं न बघता निघून गेल्या. आबा जागचा हलला नाही, पण त्यानं काठीवाल्याच्या दंडाला धरून त्याला पायरीवर बसवलं.

ती बाई भरली घागर दोन्ही हातांनी धरून वर येऊ लागली. आणि तेव्हा साहेब सरकले. ज्या माणसानं कधी मोठं दार सोडून दुसरीकडून पाऊल टाकलं नाही, तो भरलं पाणी येताना बघून भिंतीला पाठ लावून, अंग आक्रसून उभा राहिला. विचार करून नव्हे. आपण सरकलो हे त्यांना कळलंही नसावं. लहानपणी त्यांच्या आईनं त्यांना असंच उभं राहायला शिकवलं असणार. मला ते बघवेना.

बाई त्यांच्यासमोर येऊन थांबली. धापा टाकत होती. घागर तिनं पायरीवर टेकवली, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि त्यांच्याकडं बघितलं.

"बघत काय राहिलाव?" ती म्हणाली. "हात लावा की."

साहेबांना समजलं नाही. "काय?"

"घागर उचलून द्या म्हणलं. एकटीच्यानं डोईवर चढती व्हय?"

साहेबांनी कुत्रं माझ्याकडं दिलं. मी घेतलं. ते वाकले, एक हात घागरीच्या काठाला आणि एक बुडाला लावला, आणि ती पितळी घागर, पाण्याचा एक थेंब न सांडता, वर उचलून तिच्या चुंबळीवर ठेवली. हात लगेच काढले नाहीत. "बसली," बाई म्हणाली, "सोडा आता," तेव्हा सोडले. ती पोराच्या शेजारून वर निघून गेली.

मागची बाई आपली घागर त्यांच्यासमोर टेकवून कधीची उभी होती. "माझी बी," ती म्हणाली.